मत्स्यजिऱ्यांच्या तळ्यातले खत

अंड्यातून बाहेर पडलेले कटला, रोहू किंवा मृगळ यांचे पिलू पहिले तीन दिवस काहीच खात नाही. पोटाला चिकटलेल्या पीतकाच्या पिशवीवर त्याचे भागते. पिशवी संपते तेव्हा त्याची लांबी जेमतेम ६ मिलिमीटर असते आणि तोंड नुकतेच उघडलेले असते. त्या तोंडात मावेल असे जिवंत खाद्य लवकर मिळाले नाही, तर ते मरते. या अवस्थेतल्या पिलांना महाराष्ट्रात मत्स्यजिरे म्हणतात. १ लाख जिऱ्यांचे वजन सुमारे १४० ग्रॅम भरते. पंधरा दिवसांत जिरे २० ते २५ मिलिमीटरचे झाले की ते मत्स्यबीज, आणि आणखी दोन-तीन महिन्यांनी बोटाएवढे झाले की बोटुकली. तलावात, धरणात किंवा शेततळ्यात सोडायला खरी उपयोगाची ती बोटुकलीच. पण तिथवर किती पिले पोचणार हे ठरते पहिल्या पंधरवड्यात, एका लहानशा उथळ तळ्यात. या संगोपन तळ्याच्या पाण्यात शेण, पेंड, पाला आणि पुढे रासायनिक खत घालण्याची रीत जगात अनेक ठिकाणी रुजली. ती गुणकारी का ठरते, हे कळायला मात्र फार काळ जावा लागला.

तळ्यातले खत माशासाठी नसते, पाण्यासाठी असते. शेण कुजते तसे त्यावर जिवाणू वाढतात. कुजताना सुटलेल्या नत्रावर आणि स्फुरदावर सूक्ष्म शेवाळ, म्हणजे वनस्पती प्लवंग, पोसले जाते. जिवाणू आणि शेवाळ खाऊन रोटिफर, मोइना, डॅफ्निया, सायक्लॉप्स असे प्राणी प्लवंग वाढतात आणि ते जिऱ्यांच्या तोंडी पडतात. मोठेपणी कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी चरतो. तिघांच्या आवडी वेगळ्या असतात, पण जिरे असताना तिघांनाही प्राणी प्लवंगच लागतात. प्लवंगांची ही वाढ टिकाऊ नसते. ती काही दिवसांत चढते, भराला येते आणि ओसरते. म्हणून या रीतीचा सारा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो: खत केव्हा घातले म्हणजे जिरे पाण्यात उतरतील त्याच दिवशी त्यांचे खाद्य भरात असेल? किती घालायचे हे लोकांना आधी कळले. केव्हा घालायचे हे उशिरा उमगले.

चीनमधील तळ्यातले मत्स्यपालन फार जुने. फान ली याच्या नावावर सांगितला जाणारा आणि इ.स.पू. पाचव्या शतकातला मानला जाणारा एक छोटा ग्रंथ सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, पाळण्याविषयी आहे. हा मासा तळ्याच्या साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो, त्यामुळे त्याची पिले बाहेरून आणावी लागत नाहीत. पुढे गवत्या, चंदेरा आणि मोठ्या डोक्याचा कार्प हे मासे पाळण्यात आले तेव्हा चित्र बदलले. ते वाहत्या नदीतच वितात. त्यांचे जिरे यांगत्से आणि पर्ल या नद्यांतून जाळ्यांनी गोळा करावे लागत आणि दूरच्या तळ्यांपर्यंत जिवंत न्यावे लागत. ग्वांगदोंगमधील नानहाय भागातले जिउजियांग हे गाव मिंग काळापासून या व्यापाराचे मोठे ठाणे होते. नदीतून आणलेली पिले विकत घेणाऱ्याला त्यांचे खाद्य स्वतःच्या तळ्यात तयार करावेच लागे, आणि तळ्याला खत घालण्याचे चिनी कसब या गरजेतून वाढले.

शू ग्वांगची या मिंगकालीन विद्वानाचा शेतीवरचा मोठा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६३९ साली छापला गेला. त्यात तळ्याच्या काठावर मेंढ्यांचा गोठा बांधून रोज सकाळी लेंड्या झाडून पाण्यात ढकलण्याचा सल्ला आहे. लेंड्यांवर गवत्या मासा पोसावा आणि गवत्याच्या विष्ठेवर चंदेरा पोसावा, अशी त्यातली मांडणी आहे. चंदेरा विष्ठा खात नाही, विष्ठेवर वाढलेले सूक्ष्म शेवाळ खातो, हे तेव्हा कोणाला माहीत असणे शक्य नव्हते. तरीही शेणापासून माशापर्यंतची साखळी त्या लिखाणात अचूक पकडलेली आहे.

पिलांच्या तळ्यासाठी चीनमध्ये दोन वेगळ्या रीती रूढ झाल्या. दक्षिणेत, ग्वांगदोंगकडे, कोवळ्या हिरव्या वनस्पतींचे ढीग तळ्याच्या कोपऱ्यात पाण्याखाली रचत. दर दोन-तीन दिवसांनी ढीग उलटापालटा करत आणि पाला कुजून गेला की उरलेल्या काड्या बाहेर काढत. यांगत्सेच्या खालच्या खोऱ्यात, जियांग्सू आणि झेजियांग प्रांतांत, सोयाबीन भिजवून, दळून, त्याचे दूध दिवसातून दोनदा तळ्यावर शिंपडत. हे दूध पिलांचे खाद्य आहे असा समज होता. प्रत्यक्षात त्यातला थोडाच भाग पिलांच्या पोटात जाई, उरलेला पाण्यात कुजून प्राणी प्लवंगांना पोसत असे. दोन्ही रीतींत एक शहाणपण होते: खत एकदम न देता थोडे थोडे देत राहायचे. भारतात हेच तत्त्व प्रयोगांतून पुन्हा शोधावे लागले.

युरोपात मध्य भागातल्या बोहेमिया, सायलेशिया आणि बव्हेरिया या प्रदेशांत कार्पची तळी मठ आणि सरदार घराणी राखत. ओलोमोउत्सचे बिशप यान दुब्राविउस यांनी तळ्यांविषयी लिहिलेला लॅटिन ग्रंथ १५४७ साली छापला गेला. दर काही वर्षांनी तळे कोरडे करून तळाशी ओट्ससारखे पीक घ्यायचे आणि मग पुन्हा पाणी भरायचे, ही तिकडची जुनी रीत होती. गाळ उन्हाने तडकला की त्यात हवा शिरते, अडकलेली पोषकद्रव्ये मोकळी होतात आणि पिकाची धसकटे पाण्याखाली कुजून खताचे काम करतात. एकोणिसाव्या शतकात सायलेशियातील टोमास दुबिश यांनी अंडी घालण्यासाठी उथळ, गवताळ तळे वेगळे ठेवून पिले तिथून लवकर दुसऱ्या तळ्यात हलवण्याची पद्धत रूढ केली. पिलांचे तळे म्हणून स्वतंत्र जागा युरोपात या पद्धतीने पक्की झाली.

बोहेमियातील त्रेबोन्य येथील जहागिरीच्या तळ्यांचे व्यवस्थापक योसेफ शुस्ता यांनी १८८०च्या दशकात कार्पच्या आतड्यांतले अन्न तपासून दाखवले की हा मासा मुख्यतः पाण्यातल्या बारीक प्राण्यांवर जगतो. तळ्याला चुना आणि खत द्यायचे ते या प्राण्यांसाठी, असा त्यांचा निष्कर्ष होता. १८८७ साली जर्मनीतील कील येथे व्हिक्टर हेन्सेन यांनी पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांना प्लँक्टन, म्हणजे प्लवंग, हे शास्त्रीय नाव दिले आणि ते मोजण्यासाठी बारीक जाळे वापरायला सुरुवात केली. त्यामुळे आतापर्यंत पाण्याच्या रंगावरून ओळखली जाणारी गोष्ट मोजता येऊ लागली. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे बव्हेरियातील वीलेनबाखच्या प्रयोगकेंद्रात वेगवेगळी रासायनिक खते घालून तळी तपासण्यात आली. स्फुरद दिलेल्या तळ्यांचे उत्पादन स्पष्टपणे वाढले, नुसत्या नत्राने विशेष फरक पडला नाही. पाण्यातली काही निळी-हिरवी शेवाळे हवेतला नत्र स्वतः बांधून घेतात, स्फुरदाला मात्र असा दुसरा स्रोत नसतो. तळ्यांना सुपर फॉस्फेट देण्याच्या पुढच्या साऱ्या शिफारशींचे मूळ या प्रयोगांत आहे.

अमेरिकेत १९३०-४०च्या दशकांत अलाबामातील ऑबर्न येथे होमर स्विंगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतातल्या तळ्यांवर मिश्र खतांचे दीर्घ प्रयोग केले. त्यांचा हेतू गळाने पकडायच्या माशांची वाढ हा होता, पिलांचे संगोपन नव्हे. पण पाणी किती हिरवे झाले म्हणजे खत पुरे झाले, हे साध्या खुणेने ठरवण्याची सवय या कामामुळे सर्वदूर पोचली. हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा. तळवा दिसेनासा झाला तर खत थांबवायचे, बोटे स्पष्ट दिसली तर आणखी घालायचे. ही खूण आजही भारतातल्या तळ्यांच्या काठावर शिकवली जाते.

भारतात माशाचा आणि खताचा संबंध जुन्या ग्रंथांत येतो तो उलट्या दिशेने. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोंब फुटलेल्या पिकाला बारीक माशांचे खत देण्याचा उल्लेख आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. त्यात माशांच्या जाती आणि त्यांना घालायचा चारा यांचे बारकाईने वर्णन आहे, आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५०च्या सुमारास ते अभ्यासकांपुढे आणले. पिलांच्या तळ्याला शेण घालण्याची रीत मात्र ग्रंथांत न येता हातांहातांतून चालत आली, आणि तिचे माहेर बंगाल.

कटला, रोहू आणि मृगळ हे तिन्ही मासे पावसाळ्यात फुगलेल्या नदीत वितात, बंद तळ्यात एरवी वीत नाहीत. म्हणून बंगालमध्ये आषाढ लागला की गंगा, पद्मा, दामोदर यांच्या काठांवर नरसाळ्याच्या आकाराची बारीक वीण असलेली जाळी लावली जात. पुराच्या पाण्याबरोबर वाहत आलेले जिरे जाळ्याच्या शेपटाकडच्या झोळीत साठत आणि दर थोड्या वेळाने ते उपसून घ्यावे लागे. गोळा केलेला हा माल मातीच्या हंड्यांतून बाजारात जाई. वाटेत हंडी सतत डुचमळत ठेवावी लागे, म्हणजे पाण्यात हवा मिसळत राही. पाण्यात लाल माती कालवण्याची रीत होती. मातीबरोबर मेलेली पिले आणि घाण तळाशी बसे, आणि हाताने ती काढून घेता येई. हावडा ही या व्यापाराची मोठी पेठ. रेल्वे आल्यावर तिथून हंड्या दूरदूरच्या प्रांतांत जाऊ लागल्या.

या जिऱ्यांसाठी बंगाली गावांत घरामागची किंवा शेताकडची लहान पुष्करिणी राखून ठेवलेली असे. उन्हाळ्यात ती आटली की तळाचा गाळ काढत, तळ उन्हात तापू देत, कधी त्यात एखादे पीकही घेत. पाऊस पडून पाणी साठू लागले की शेण पडे. शेण सर्वांच्या गोठ्यात होते, त्याला वेगळी किंमत पडत नव्हती आणि शेण घातलेल्या तळ्यात पिले चांगली होतात हे पिढ्यानपिढ्या पाहिलेले होते. इथपर्यंतचे ज्ञान पक्के होते. अडचण पुढची होती. नदीतले जिरे कोणत्या दिवशी हाती लागतील हे पावसावर अवलंबून असे. शेण घातल्यावर जिरे लवकर आले तर पाण्यात अजून खाद्य नसे, उशिरा आले तर प्लवंगांचा बहर उतरलेला असे आणि मधल्या दिवसांत त्याच सुपीक पाण्यात किडे वाढलेले असत. जिऱ्यांचा फार मोठा भाग पहिल्या काही दिवसांतच मरत असे. त्याचे कारण पाणी, वारा किंवा नशीब यांत शोधले जाई. नदीतून फुकट मिळणाऱ्या मालाची एवढी नासाडी होत असूनही धंदा चालत राहिला, कारण माल विपुल होता.

कलकत्त्याच्या पूर्वेला याच प्रदेशात खताचा आणखी एक प्रकार आकाराला आला. शहराचे सांडपाणी खाऱ्या दलदलीत सोडले जात होते. विद्याधरी नदी गाळाने भरत गेली, भरतीचे खारे पाणी येईनासे झाले आणि १९३०च्या आसपास तिथल्या मच्छिमारांनी सांडपाणी मोजून मापून तळ्यांत घेण्याची रीत बसवली. घेतलेले पाणी काही दिवस उन्हात राहू द्यायचे, ते हिरवे झाले की पिले सोडायची आणि नंतरही थोडे थोडे सांडपाणी घेत राहायचे. ही तळी आजही मासे देतात. २००२ साली पूर्व कलकत्ता पाणथळ भूमीला रामसर यादीत स्थान मिळाले. एका महानगराचे मलजल पचवून त्याचे खाद्य करणारी ही व्यवस्था कोणा अभियंत्याने आखलेली नव्हती, तळ्यांवर काम करणाऱ्यांनी पाण्याचा रंग आणि वास पाहत ती घडवली. भारतीय मत्स्यशेतीच्या इतिहासात तिचे स्थान फार वरचे आहे.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, मार्च १९४७ मध्ये, कलकत्त्यात केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन केंद्र सुरू झाले. पुढे ते बराकपूरला गेले. १९४९ साली त्याचे तळ्यातील मत्स्यसंवर्धनासाठीचे उपकेंद्र ओरिसात कटक येथे उघडले, आणि संगोपन तळ्यातल्या मृत्यूंचा पद्धतशीर शोध इथे सुरू झाला. के. एच. अलीकुन्ही आणि हिरालाल चौधुरी ही या कामातली मोठी नावे. १९५५ साली या दोघांनी रामचंद्रन यांच्यासह इंडियन जर्नल ऑफ फिशरीजमध्ये एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. संगोपन तळ्यातल्या पिलांचे मृत्यू आणि त्यांच्या जगण्या-वाढण्यात प्लवंगांचा वाटा हाच त्याचा विषय होता. अलीकुन्ही यांची भारतातील मत्स्यसंवर्धनावरची पुस्तिका १९५७ साली भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढली आणि ती बरीच वर्षे या विषयाची पायाभूत पुस्तिका मानली गेली.

कटकच्या कामातून आणि त्यानंतरच्या दोन दशकांतून जी रीत ठरली तिच्यात खत ही एका क्रमातली पायरी होती, आणि तो क्रम हेच तिचे खरे बळ. तळे ०.०२ ते ०.०५ हेक्टरचे, पाणी १ ते १.५ मीटर. आधी तणे उपटून काढायची. मग पाण्यातले मरळ, शिंगी, मागूर यांसारखे पिले खाणारे मासे आणि खाद्यात वाटेकरी होणारे फुटकळ मासे संपवायचे. तळे पूर्ण आटवता येत नसेल तर त्यासाठी मोहाची पेंड घालायची, हेक्टरी १ मीटर पाण्याला २,५०० किलो. मोहाच्या बियांतले सॅपोनिन माशांच्या रक्तपेशी फोडते आणि काही तासांत मासे तरंगू लागतात. विष दोन-तीन आठवड्यांत उतरते आणि उरलेली पेंड खत होते. त्यानंतर मातीच्या आंबटपणानुसार चुना, आणि जिरे सोडण्याच्या सुमारे १५ दिवस आधी हेक्टरी १०,००० किलो ताजे शेण. मोहाची पेंड वापरली असेल तर शेण निम्मे पुरे. एकाच हंगामात त्याच तळ्यात दुसऱ्यांदा जिरे घ्यायचे असतील तर दुसऱ्या खेपेलाही शेण निम्मेच. पहिल्या शेणाचा अंश गाळात शिल्लक असतो.

जिरे सोडण्याच्या आदल्या दिवशी किंवा काही तास आधी किड्यांचा बंदोबस्त करावा लागतो. सुपीक पाणी जिऱ्यांइतकेच पाणविंचवांना, पाठीवर पोहणाऱ्या जलढेकणांना, पाणभुंग्यांना आणि चतुरांच्या अळ्यांनाही मानवते. जलढेकूण जिऱ्याला पकडून सोंड खुपसतो आणि शोषून टाकतो. शेण घालून १५ दिवस वाट पाहिलेल्या तळ्यात असे किडे इतके होतात की एका रात्रीत जिऱ्यांचे मोठे नुकसान होते. कटकच्या शिफारशीत यावर साबण-तेलाचे मिश्रण आहे: हेक्टरी १८ किलो स्वस्त साबण आणि ५६ किलो तेल. साबण पाण्यात विरघळवून त्यात तेल घोटायचे आणि वारा पडलेला असताना पृष्ठभागावर पसरायचे. यांतले बहुतेक किडे श्वासासाठी वर येतात तेव्हा तेलाच्या पातळ थराने त्यांच्या श्वासनळ्या बंद होतात. वारा असेल तर थर एका काठाला जमा होतो आणि सगळा खर्च वाया जातो.

तळे जिऱ्यांसाठी तयार झाले की नाही, याची परीक्षा रंगावर न सोडता मापावर आणणे हा या संशोधनाचा सर्वांत उपयोगी वारसा म्हटला पाहिजे. बारीक विणीच्या कापडाच्या प्लवंगजाळ्यातून तळ्याच्या चार-सहा जागांचे मिळून ५० लिटर पाणी गाळायचे. जाळ्याच्या टोकाशी बांधलेल्या काचेच्या नळीत जे साठते त्यात चिमूटभर मीठ टाकायचे. मिठाने प्लवंग मरतात आणि थोड्या वेळाने नळीच्या तळाशी बसतात. १ ते २ मिलिलिटरचा थर बसला तर जिरे सोडायला हरकत नाही. थराचा रंग तपकिरी असेल तर त्यात प्राणी प्लवंग जास्त आहेत, हिरवा असेल तर शेवाळ जास्त आहे. हिरव्या थराचे तळे दिसायला उत्तम, पण त्यात जिरे उपाशी राहतात. पाण्याच्या हिरवेपणावर भुलून सोडलेल्या किती जिऱ्यांचा घात झाला असेल, याची कल्पना या एका काचेच्या नळीवरून येते.

प्लवंग असले तरी दाट सोडलेल्या जिऱ्यांना ते चार-पाच दिवसांहून अधिक पुरत नाहीत. म्हणून भाताचा कोंडा आणि भुईमुगाची किंवा मोहरीची पेंड समप्रमाणात वस्त्रगाळ करून पाण्यावर भुरभुरायची, पहिले पाच दिवस सोडलेल्या जिऱ्यांच्या वजनाच्या चौपट आणि पुढे आठपट. इथेही चिनी सोयादुधासारखेच घडते. न खाल्लेली पेंड पाण्यात कुजते आणि प्लवंगांना पोसते. खाद्य आणि खत यांच्यातली रेघ जिऱ्यांच्या तळ्यात कधीच ठळक नव्हती.

मग १९५७ साल आले. १० जुलै रोजी ओरिसात अंगुल येथे चौधुरी आणि अलीकुन्ही यांनी माशाच्याच पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांकडून बंद पाण्यात अंडी घालवून घेतली. २००१ पासून ही तारीख राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळली जाते. पुढच्याच वर्षी चीनमध्ये झोंग लिन यांनी चंदेरा आणि मोठ्या डोक्याचा कार्प यांच्या बाबतीत हेच साधले. या शोधाचे कौतुक होते ते नदीवरचे परावलंबन संपले म्हणून, आणि ते रास्तच आहे. पण संगोपन तळ्याच्या दृष्टीने त्यात आणखी मोठी गोष्ट होती: जिरे केव्हा मिळणार हे आता आधी ठाऊक झाले. इंजेक्शनची तारीख ठरली की अंडी, जिरे आणि तळ्यात उतरण्याचा दिवस मोजून सांगता येतो, आणि त्या दिवसापासून मागे मोजत शेण कधी घालायचे हे ठरवता येते. खताची वेळ साधणे शक्य झाले ते तेव्हापासून. त्यापूर्वी ती साधली तर योगायोगाने.

१९५९ साली गवत्या आणि चंदेरा कटकला आले, १९७१ पासून देशी-विदेशी सहा मासे एकत्र वाढवण्याचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला आणि बोटुकलीची मागणी अनेक पटींनी वाढली. त्याच काळात तळ्याच्या मातीकडे लक्ष गेले. एस. एम. बॅनर्जी यांनी अनेक राज्यांतल्या तळ्यांची माती आणि पाणी तपासून १९६७ साली काढलेले निष्कर्ष पुढच्या खतशिफारशींचा आधार बनले. मातीत उपलब्ध स्फुरद दशलक्ष भागांत ३० पेक्षा कमी असेल तर तळे कमी उत्पादनाचे, ३० ते ६० असेल तर मध्यम आणि ६०च्या वर असेल तर चांगले, अशी ढोबळ वर्गवारी त्यांनी दिली. स्फुरद मातीत चटकन अडकून बसतो. आंबट मातीत लोह आणि ॲल्युमिनियम त्याला धरून ठेवतात, अल्कधर्मी चुनखडीच्या मातीत कॅल्शियम. म्हणून चुना आधी आणि सुपर फॉस्फेट नंतर, काही दिवसांच्या अंतराने, हा क्रम सांगितला जाऊ लागला. दोन्ही एकदम घातले तर चुनाच स्फुरदाला अडकवून ठेवतो.

हेक्टरी १० टन शेणाच्या जुन्या शिफारशीतले दोष या टप्प्यावर दिसू लागले. एवढे शेण कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते. ढगाळ दिवसानंतरच्या पहाटे तळे गुदमरते आणि जिरे कडेला येऊन मरतात. शिवाय १५ दिवसांची वाट म्हणजे किड्यांना आयती सवड. आणि बहर एकच, जिऱ्यांनी तो फस्त केला की संपला. ओरिसात भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, जी १९८७ साली स्वतंत्र झाली, यावर टप्प्याटप्प्याने खत देण्याची रीत पुढे आणली. हेक्टरी ७५० किलो भुईमुगाची पेंड, २०० किलो शेण आणि ५० किलो सिंगल सुपर फॉस्फेट, तिन्ही पाण्यात एकत्र भिजवून घट्ट रबडी करायची. निम्मी रबडी जिरे सोडण्याच्या दोन-तीन दिवस आधी आणि उरलेली दोन-तीन हप्त्यांत, पाण्यातले प्लवंग पाहून. पेंड शेणापेक्षा लवकर कुजते, म्हणून १५ दिवसांची वाट उरत नाही. किड्यांना वाढायला वेळ मिळत नाही आणि प्राणी प्लवंगांच्या एका बहरामागून दुसरा येत राहतो. या रीतीने ४० ते ६० टक्के जिरे मत्स्यबीजापर्यंत पोचतात. शेणाचा आकडा १० हजारांवरून २०० किलोंवर आला हा बदल डोळ्यांत भरतो. पण त्याहून महत्त्वाचे ते हप्ते आहेत. ग्वांगदोंगच्या पाल्याच्या ढिगात आणि झेजियांगच्या सोयादुधात जे अनुभवाने होते, ते इथे मोजमापाने आले.

महाराष्ट्रात या साऱ्याचा सर्वांत जवळचा संबंध पूर्व विदर्भाशी आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांनी, धानासाठी बांधलेले हजारो तलाव आहेत. मालगुजारी संपल्यावर ते माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि त्यांतली मासेमारी ढिवर व इतर मच्छिमारांच्या सहकारी संस्थांकडे आली. या तलावांतले बरेचसे उन्हाळ्यात आटतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी भरल्यावर सहा-आठ महिन्यांत मासा विकण्याजोगा व्हायचा, तर सोडताना तो बोटुकली असावा लागतो. मत्स्यबीज सोडले तर बरेचसे मरळाच्या पोटात जाते. पूर्वी बियाणे कलकत्त्याहून रेल्वेने येई आणि वाटेतच त्यातले बरेच मरे. १९६०च्या दशकानंतर पॉलिथिनच्या पिशव्यांत प्राणवायू भरून बीज नेण्याची सोय रुळली. १९८०च्या दशकात गोल टाकीत पाणी फिरते ठेवणारी चिनी धर्तीची प्रजननकेंद्रे देशभर पसरली आणि जिरे जवळपास मिळू लागले. मुंबईत १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेतून शिकून बाहेर पडलेल्या अधिकाऱ्यांनी कटकची रीत राज्याराज्यांत नेली.

जिरे मुबलक झाल्यावर अडसर सरकला तो संगोपन तळ्यांवर. जून-जुलैत एकदम येणारे लाखो जिरे वाढवायला तळी अपुरी पडतात, म्हणून एकाच तळ्यात हंगामात दोन-तीन खेपा घेतल्या जातात. हेक्टरी ३० ते ५० लाख जिरे मातीच्या तळ्यात सोडायचे, १५ दिवसांनी ओढजाळ्याने मत्स्यबीज काढून घ्यायचे, तळे चार-पाच दिवसांत पुन्हा तयार करायचे आणि पुढची खेप उतरवायची. प्रत्येक खेपेआधी खत पुन्हा द्यावे लागते, पण मागच्या खेपेचा गाळातला साठा धरून. सतत खत दिलेल्या तळ्यात गाळ काळा पडू लागतो, त्याला कुजकट वास येतो आणि पाण्यावर निळ्या-हिरव्या शेवाळाचा दाट थर धरतो. अशा तळ्याला खत पूर्ण थांबवून ते उन्हाळ्यात आटवावे लागते, वरचा गाळ उचलून शेतात टाकावा लागतो आणि तळ तडकेपर्यंत तापू द्यावा लागतो. विदर्भात तलावाचा गाळ धानाच्या बांधीत नेऊन टाकण्याची पद्धत पूर्वीपासून आहे, आणि संगोपन तळ्याच्या गाळातला स्फुरद पिकालाही चांगला मानवतो. तळ तापल्यानंतर पहिल्या पावसाचे पाणी भरले की चुना टाकायचा, प्लवंगजाळे धुऊन काढायचे आणि प्रजननकेंद्रातून तारीख आली की तिच्या दोन-तीन दिवस आधी पेंड भिजत घालायची.